श्वासरंध्राच्या कडेचा केस

चिकट कागदावर मेलेली माशी सोडवायची तर तिला ओढायचं नसतं. ओढलं की पाय तिथेच राहतात. तिच्याभोवतीचा कागद कात्रीने कापायचा, तो तुकडा गोंद विरघळवणाऱ्या द्रावणाच्या बशीत ठेवायचा आणि वाट बघायची. गोंद सुटत जातो तशी माशी आपणहून सैल होते. मग बारीक ब्रशने तिला उचलून स्पिरिटमध्ये घ्यायचं आणि कुशीवर वळवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. हे माझं रोजचं काम आहे. ते करताना कोणी बोलायला आलं नाही तर मला बरं वाटतं, आणि सहसा कोणी येतही नाही.

आमची लॅब जुन्या पनवेलमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. दोन खोल्या आणि एक एसी, तोही फक्त सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत. खाण्याचे पदार्थ बनवणाऱ्या कंपन्या, हॉटेलांची स्वयंपाकघरं, कोल्ड स्टोरेज, अशा ठिकाणी भिंतीवर निळ्या दिव्याचं एक यंत्र लावलेलं असतं आणि त्याच्या मागे चिकट कागद असतो. महिना झाला की ते कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून आमच्याकडे येतात. जासईच्या गोदामांतून येतात, पळस्प्याच्या पुढून येतात. त्यांवरच्या माश्या कुठल्या ते आम्ही सांगायचं. माशी ओळखली की ती कुठे जन्मली असेल ते कळतं, कारण प्रत्येकीची अंडी घालायची जागा ठरलेली असते. एकीला गटाराच्या कडेचा बुळबुळीत थर लागतो, एकीला पिकलेलं फळ, एकीला मेलेला उंदीर. कंपनीला तेवढंच हवं असतं. माश्या कशातून येतात ते सांगा, बाकीचं आम्ही बघतो.

आईला हे काम आवडत नाही. "एम.एस्सी. करून माश्याच मारायच्या होत्या तर घरात काय कमी होत्या?" असं ती म्हणते. मारायच्या नसतात, मेलेल्याच येतात, हे उत्तर माझ्याकडे आहे, पण मी ते देत नाही. बाबा लोकांना "टेस्टिंगमध्ये आहे" असं सांगतात. कसलं टेस्टिंग, ते सोसायटीत अजून कोणी विचारलेलं नाही.

लॅब सरांची. ते कॉलेजात आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही लॅब काढली आणि मला बोलावून घेतलं. वर्गात मी कधी हात वर केला नव्हता, त्यामुळे मी त्यांच्या लक्षात कशी राहिले ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलेजही इंग्रजीतलंच, म्हणून माशीच्या अंगाचे सगळे शब्द माझ्याकडे इंग्रजीत आले. दोन डोळ्यांमधली पट्टी म्हणजे फ्रॉन्स. मिशीवरचा, म्हणजे शृंगिकेवरचा, पिसासारखा केस म्हणजे अरिस्टा. पाठीच्या शेवटी एक छोटा त्रिकोण असतो, तो स्क्युटेलम. मागच्या पंखांच्या जागी दोन गाठी उरलेल्या असतात, त्या हॉल्टिअर; उडताना माशी त्यांच्यावर तोल सांभाळते. मराठीत त्यांना संतोलक म्हणतात हे मी फार उशिरा वाचलं. आणि मग केस. माशीच्या अंगावर केस असतात हेच बहुतेकांना माहीत नसतं. त्यातल्या प्रत्येक मोठ्या केसाला स्वतःचं नाव असतं असं सांगितलं तर लोक हसतात. जाड, राठ केसाला ब्रिसल म्हणतात. खांद्यावर, पाठीच्या रांगांत, पंखाच्या मुळाशी, पायावर, कुठे ब्रिसल आहे आणि कुठे नाही, यावर माशीचं कूळ ठरतं.

ठरवायची पद्धत अशी. 'की' नावाचा एक लांबलचक मजकूर असतो, त्यात प्रश्नच प्रश्न. अमुक ठिकाणी ब्रिसल आहे? मग या ओळीवर जा. नाही? मग त्या ओळीवर. अशा वाटा फुटत फुटत शेवटी नाव येतं. सरांच्या लॅबमध्ये हे काम दोघांनी करायचं असतं. एकाने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावायचे आणि काढायचे नाहीत, दुसऱ्याने प्रश्न वाचायचे. बघणाऱ्याने 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. 'बहुतेक' चालत नाही, 'वाटतंय' तर मुळीच नाही. "तुला काय वाटतं त्याच्याशी माशीला काही कर्तव्य नाही," असं सर म्हणतात. मला ही पद्धत मानवली. बहुतेक वेळा सर बघायचे आणि मी वाचायचे.

पळस्प्याच्या पुढे एक कंपनी आहे. तिथे भाज्या आणि फळं कापतात, गोठवतात आणि पाकिटं भरून परदेशी पाठवतात. त्यांच्या पॅकिंग हॉलच्या कागदांवर बारीक, काळ्या, चकचकीत माश्या यायला लागल्या आणि दर महिन्याला वाढत गेल्या. परदेशातल्या गिऱ्हाइकाचा तपासनीस यायचा होता. कंपनीच्या मॅनेजरने सरांना फोन केला. सरांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"सर, सिंपल आहे," मॅनेजर म्हणाला. "आमची कँटीनवाली बाई सुकट-बोंबील आणते. लेबरला तेच पाहिजे ना. मागे टोपल्याच्या टोपल्या भरून ठेवल्यात. माश्या तिथूनच येतात. तुम्ही फक्त कन्फर्म करा, मी कँटीन बंद करतो. दुसरा कॉन्ट्रॅक्टर रेडी आहे, प्युअर व्हेज."

"आधी बघू तर द्या," सर म्हणाले.

कागदावरच्या माश्या दोनच कुळांपैकी एका कुळाच्या असणार, हे सरांनी नुसत्या भिंगातून बघून सांगितलं. एक सुक्या मासळीत वाढते. दुसरी शेणात, सांडपाण्याच्या गाळात. जिवंत असताना त्या सहज वेगळ्या काढता येतात. गाळातली मुंगीसारखी दिसते, बारीक कमरेची आणि गोल डोक्याची. पण गोंदात पडून महिना झाला की कंबर सगळ्यांचीच आक्रसते, डोकं चेपतं, पंख चुरगळतात. मग भरवशाची एकच खूण उरते. माशीला नाक नसतं. ती कुशीवरच्या छिद्रांतून श्वास घेते. असं एक श्वासरंध्र तिच्या वक्षाच्या मागच्या बाजूला असतं. त्याच्या कडेला ब्रिसल असेल तर माशी गाळातली. नसेल तर वाट पुढे सरकते आणि सुक्या मासळीपाशी जाऊन थांबते.

मी प्रश्न वाचला. सर बघत होते.

"नाही," ते म्हणाले. मी दुसरी माशी ठेवली. "नाही." आणखी काही ठेवल्या. सगळ्यांना नाही.

सरांनी सही केली आणि अहवाल गेला.

त्यानंतर एका दुपारी सर घरी जेवायला गेलेले असताना दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या असतील. जिना चढून त्यांना धाप लागली होती. कंपनीने त्यांना दिलेल्या नोटिशीला आमच्या अहवालाची प्रत जोडलेली होती, तिच्यावरच्या पत्त्यावरून त्या आल्या होत्या.

"माशीवाले तुमीच ना?"

मी मान हलवली.

"मी कँटीनवाली. पळस्प्याच्या कंपनीतली. मना नोटीस दिली हाय, महिन्याभरात खाली करा. माश्या माज्या सुकटीतनं येतान असा तुमी लिवलाय म्हने. तुमी बगितल्या येताना?"

"सर नाहीयेत," मी म्हणाले.

"सर नाय तर तू हायेस ना. तू काय करतेस इथं?"

"वाचते."

"वाचतेस? मंग माश्या कोन बगतो?"

"सर."

त्या खुर्चीवर बसल्या. मी पाणी दिलं. ते एका दमात पिऊन त्यांनी ग्लास टेबलावर उपडा ठेवला आणि मला सगळं सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं, पण न विचारणाऱ्या माणसाला लोक जास्तच सांगतात. कंपनी उभी आहे ती जागा त्यांच्या सासऱ्यांच्या भाताच्या शेतांची. जमीन देताना बोलणं झालं होतं की कँटीन यांच्याच घरात राहील. ते नुसतं बोलणंच, कुठे लिहिलेलं नाही. पुढे सासरे गेले, मग नवरा गेला. आता घरात त्या आणि दोन मुली, आणि चूल पेटते ती कँटीनवर.

"सुकट माज्या माहेरची, गव्हाणची. भाऊ पाठवतो," त्या म्हणाल्या. "अशी कडक वाललेली असते बाय, माशी बसली तर तिचा पाय मोडल."

मला हसू आलं, पण हसायचं की नाही ते कळेना.

"सर आले की सांगते," मी म्हणाले.

"सांग. आनि तुजे डोले तरने हायेत. तू पन एकदा बग."

सर आल्यावर मी सांगितलं. ते म्हणाले, "वाईट वाटतं. पण जे दिसलं ते लिहिलं." त्यांचं बरोबर होतं. पुढचे काही दिवस नेहमीसारखे गेले. गोदामांचे कागद होते, एका हॉटेलचे होते. बसून बसून पाठ दुखायची. घरी जाताना रिक्षात मला रोज आठवायचं की महिना संपत चाललाय.

त्याच कंपनीचे पुढचे कागद आले तेव्हा सरांच्या मानेला पट्टा होता. मणका दुखावला होता, डॉक्टरांनी मान वाकवायला मनाई केली होती. "आज तू बघ, मी वाचतो," ते म्हणाले आणि ताठ मानेने, कागद डोळ्यांसमोर धरून, एखादी शपथ घ्यावी तसे वाचायला लागले.

शृंगिका, फ्रॉन्स, पंखांच्या शिरा. मी हो-नाही म्हणत गेले. मग तो प्रश्न आला.

"मागच्या श्वासरंध्राच्या कडेला ब्रिसल. आहे?"

मी दिवा थोडा कलता केला. श्वासरंध्र दिसत होतं. त्याच्या कडेवर केस नव्हता. पण जिथे केस असायला हवा होता तिथे एक बारीक गोल खळगा होता, दात पडल्यावर हिरडीत राहतो तसा. मी फोकस वरखाली केला. खळगा तिथेच होता.

"हो की नाही?" सर म्हणाले.

"खळगा आहे."

"काय आहे?"

"केस नाहीये सर. केसाचा खळगा आहे."

"हो किंवा नाही."

"तसं नाही सांगता येणार."

त्या खोलीत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. मग सरांनी मानेचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. "ऊठ," ते म्हणाले. बसताना त्यांचा चेहरा दुखण्याने वाकडा झाला. त्यांनी फोकस वरखाली केला, दुसरी माशी मागितली, मग तिसरी. मग कपाटातून पहिल्या महिन्याची सीलबंद कुपी काढायला सांगितली. तिचं सील त्यांनीच फोडलं. आता प्रश्न वाचायची गरज नव्हती. मी बाजूला उभी राहिले.

"इथेही आहे," ते शेवटी म्हणाले. "गोंदात गेला असेल केस, नाहीतर आपल्या द्रावणात. इतकी वर्षं पोरांना सांगत आलो, केस गळतो पण त्याची जागा राहते, जागा बघा. आणि मीच..." त्यांनी पट्टा परत बांधायला घेतला. त्याची पट्टी मागे त्यांना सापडेना, ती मी लावून दिली. "त्या माणसाने फोनवर सुकट म्हटलं आणि मी सुकटच शोधायला बसलो. चहा सांग."

चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, नुसत्या खळग्यावर अहवाल बदलला तर कंपनी हसेल. ताज्या माश्या हव्यात, गोंद न लागलेल्या, जाळ्याने पकडलेल्या. कंपनीत सांडपाण्याचा गाळ कुठे टाकतात ते बघ, तिथून आण. कँटीनमधूनही आण.

"कँटीनमधून कशाला?"

"बाईंबद्दल तुला वाईट वाटतंय म्हणून," सर म्हणाले. "मलाही वाटतंय. म्हणूनच दोन्हीकडून आण."

"मी एकटी जाऊ?"

"मी ह्या पट्ट्यावर रिक्षात बसू?"

मी गेले. घडीचं जाळं, स्पिरिटच्या कुप्या आणि सरांचं पत्र. गेटवर त्यांनी मला डोक्याला घालायची जाळीची टोपी दिली आणि सोबत एक सिक्युरिटीवाला. इमारतीच्या मागे सांडपाणी साफ करायच्या टाक्या होत्या. तिथला पंप बंद होता. गाळ वाळवायचे वाफे ओले होते आणि त्यांच्यावरचं कापड फाटून एका बाजूला लोंबत होतं. पॅकिंग हॉलचं मागचं दार तिथून हाकेच्या अंतरावर होतं, आणि हवेसाठी ते विटेचा तुकडा लावून उघडं ठेवलेलं होतं.

गाळावर त्या होत्या. काळ्या, चकचकीत, मुंग्यांसारख्या चालणाऱ्या. चालता चालता त्या आपले पंख आळीपाळीने हलवत होत्या. मी इतके महिने त्यांना मेलेल्या आणि चपट्या बघत आले होते. त्या अशा चालतात हे वाचलं होतं, पण पाहिलं तिथेच, घाणीच्या कडेला नाकावर रुमाल धरून. मला तिथेच उत्तर कळल्यासारखं झालं होतं. तरी मी जाळं फिरवलं, कुप्या भरल्या, प्रत्येकीवर जागा लिहिली.

मग कँटीन. जेवायची वेळ होत आली होती. लॅबमध्ये आलेल्या त्या बाई, इथल्या सगळ्यांच्या मावशी, मोठ्या टोपात भात हलवत होत्या. मला बघून त्यांनी डाव खाली ठेवला.

"तूच ना ती वाचनारी?"

"हो. आज बघायला आलेय."

"बग. सुकटीवर जाली फिरव, भाकरी उलटून बग. पोलीस पन येवडी झडती घेत नाय."

रांगेत थाळी घेऊन उभा असलेला एक कामगार म्हणाला, "मावशे, माशी गावली तर तिलापन एक प्लेट दे. पाव्हनी हाय."

"तुजी दे तिला," मावशी म्हणाल्या.

सुकट मागच्या खोलीत झाकणाच्या टोपल्यांत होती. मी झाकणं काढून एकेका टोपलीवर जाळं फिरवलं. आमच्या घरी मासे शिजत नाहीत. त्या बंद खोलीतला वास मला सहन होईना आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी खाली मान घालून काम करत राहिले. मावशींनी ते बघितलं असावं, कारण त्यांनी खिडकी उघडली. टोपल्यांवर काही सापडलं नाही. भांडी घासायच्या जागेवर साध्या घरमाश्या होत्या, त्या मी घेतल्या.

"काय दिसला?" निघताना त्यांनी विचारलं.

"लॅबमध्ये बघावं लागेल."

"तू काय सांगशील तर शप्पत," त्या म्हणाल्या आणि परत भाताकडे वळल्या.

लॅबमध्ये मी गाळावरची माशी ठेवली आणि सर वाचायला बसले. श्वासरंध्राचा प्रश्न यायच्या आधीच मी दिवा कलता करून ठेवला होता. "आहे?" त्यांनी विचारलं. केस होता. काळा, टोकाकडे बारीक होत गेलेला, किंचित मागे वाकलेला, कागदावरच्या माश्यांना खळगा होता नेमक्या त्याच जागी. मी हो म्हणाले. पुढच्या माशीलाही होता, त्याच्या पुढच्या माशीलाही. सरांनी सगळ्या माश्या संपेपर्यंत वाचायचं थांबवलं नाही. मग नवा अहवाल त्यांनी स्वतः टाइप केला, आणि त्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलं की आमची आधीची ओळख चुकीची होती.

तो अहवाल मेलने पाठवून काम भागलं असतं, पण सरांना समक्ष जायचं होतं. आम्ही गाडी करून गेलो. मॅनेजरच्या केबिनमध्ये मावशींनाही बोलावून घ्या, असं सरांनीच सांगितलं. मग ते कमरेतून माझ्याकडे वळून म्हणाले, "हिने बघितलंय, हीच सांगेल." हे त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी आले नसते.

मी लॅपटॉपवर फोटो उघडला. सगळे शब्द इंग्रजीत तयार होते, पण मावशी अगदी जवळ येऊन पडद्याकडे बघत होत्या, त्यामुळे ते तोंडातच राहिले.

"हा माशीचा नाक?" त्यांनी विचारलं.

"नाक नाही. कुशीला श्वास घ्यायचं छिद्र असतं, ते."

"आनि ह्यो केस?"

"हो. हा केस असला की माशी गाळातली. तुमच्या सुकटीतल्या माशीला तो नसतो."

"माज्या दिराच्या कानात हाय असाच."

मॅनेजरही हसला. मावशी मात्र पडद्याकडेच बघत होत्या.

"मंजे येवड्याशा केसावर माजा कँटीन जानार होता?"

"हो," मी म्हणाले.

मॅनेजरने खुर्ची पुढे ओढली. "पण मॅडम, फर्स्ट रिपोर्टमध्ये तर क्लिअर लिहिलं होतं."

"तो चुकला," सर म्हणाले. "चूक माझी."

"ठीक आहे सर, होतं. माझं एवढंच म्हणणं आहे की गाळाचं लिहायलाच पाहिजे का? उद्या ऑडिटर तो कागद वाचणार, मग पंपाचं विचारणार. तुम्ही सोर्स अननोन लिहा. गाळ मी हळूहळू क्लिअर करतो. आणि मावशींचं कँटीन राहील. माझा शब्द."

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. कँटीन राहील एवढंच त्यांना ऐकायचं होतं, आणि ते त्यांनी ऐकलं होतं. मी गप्प बसले असते तर तेवढ्यावर ती बैठक संपली असती. सर मान वळवू शकत नव्हते, म्हणून समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते.

"अननोन लिहिलं आणि माश्या परत आल्या, तर परत मावशींवरच येईल," मी म्हणाले. माझा आवाज मला बारीक आणि लांबून आल्यासारखा वाटला. "गाळातली आहे असं लिहिलं तर नाही येणार."

"बरोबर," सर भिंतीला म्हणाले. "अहवाल आहे तसाच राहील."

मॅनेजरने अहवाल ड्रॉवरमध्ये ठेवला. आम्हाला चहा विचारला नाही.

नोटीस मागे घेतली गेली. त्याचाही कागद नाही. जमीन घेताना दिलेल्या शब्दासारखीच तोंडी. महिना उलटला आणि मावशींना कोणी काढलं नाही, यावरूनच ते कळलं. गाळाच्या वाफ्यांवर नवं कापड आलं, पंपाचं मला माहीत नाही. सुकट मात्र बंद झाली. माश्यांचा तिच्याशी संबंध नाही हे सिद्ध झालं असलं तरी, ऑडिटरला वास यायला नको म्हणून. मावशींनी फोनवर मला हे सांगितलं तेव्हा विचारलं, "वासाचा रिपोट कोन काढतो, त्याचा नंबर हाय का तुज्याकडं?" आता त्या अंड्याची भाजी करतात आणि कामगार कुरकुरतात.

पुढच्या महिन्यापासून त्या कंपनीचे कागद आमच्याकडे यायचे बंद झाले. दुसऱ्या लॅबकडे जात असतील. सरांनी तो विषय काढला नाही. त्यांचा पट्टा सुटला, पण बघायला ते परत बसले नाहीत. आता मी बघते आणि ते वाचतात. दिवसाच्या शेवटी माझे डोळे जड होतात, बंद केले तरी पापण्यांच्या आत केसांच्या रांगा दिसत राहतात. आई म्हणते चष्मा लागेल. लागेल बहुतेक.

मावशींकडे माझा नंबर आहे. त्या मला माश्यांचे फोटो पाठवतात. खिडकीच्या गजावर बसलेली, थाळीच्या कडेला बसलेली, एकदा तर पंख्याच्या पात्यावर. फोटोखाली त्यांचा बोलका मेसेज असतो, मागे भांड्यांचा आवाज. "बाय, ही कोनती? ही आपली का ती मागली?" मागली म्हणजे टाक्यांच्या मागची. मी फोटो मोठा करते, आणखी मोठा करते. काळा डाग पसरत जातो. पंख कुठे संपतो तेही कळत नाही, श्वासरंध्र तर फार लांबची गोष्ट. फोटोवरून सांगता येत नाही असं मी लिहिते. एक पकडून डबीत घालून ठेवा, दाबू नका, मी येऊन घेऊन जाईन.

मागच्या आठवड्यातही असाच एक फोटो आला. मी तेच लिहिलं. त्यांचं उत्तर लगेच आलं.

"ती कुटली ऱ्हायली आता. मी चपलीनं मारली." मग जरा थांबून, हळू आवाजात, "पन सुकटीतली नसंल ना गं?"

त्या कँटीनमध्ये सुकट नसल्याला आता कित्येक महिने झाले. मी तसं लिहिलं. मावशी, सुकट तुम्ही आणतच नाही, मग तिच्यातली कशी असेल?

"हां, ता बी खरा," त्या म्हणाल्या. "तरी पन तू येकदा बगून जा."